एकजूट आणि गर्दी : मंदगती लिंफोमाच्या उपचारांचा इतिहास



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कामगार चळवळीतला मनुष्य उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी पद्धत यांवरच बोलणार, असे आपण धरून चालता. आज तसे होणार नाही. आज आम्ही एका रोगाच्या उपचाराचा इतिहास सांगणार आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा लवकर सुटली आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत व नगरवाचनालयात झाले. तेव्हा कोणी कोणते औषध घ्यावे हे आम्ही सांगणार नाही. ते ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. परंतु ही औषधे कोठून आली, एकमेकांशेजारी कशी उभी राहिली, आणि कधी कधी त्यांचे एकमेकांशी का पटले नाही, हा इतिहास मात्र सर्वांचा आहे. तो समजून घेण्यास पदवी लागत नाही.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका प्रश्नामुळे. आमच्या युनियनचे एक जुने कार्यकर्ते आहेत. तीस वर्षे त्यांनी लेथवर काढली. काही वर्षांपूर्वी त्यांच्या मानेला गाठी आल्या. तपासणीत मंदगती लिंफोमा निघाला. उपचार झाले, गाठी विरल्या, गृहस्थ पुन्हा सभेला येऊ लागले. पुढे रोग उलटला. डॉक्टरांनी त्यांना दोन औषधांचा उपचार सुचविला. त्या संध्याकाळी कचेरीत येऊन ते आम्हांला म्हणाले, "भाऊ, या रोगावर चार तऱ्हेची औषधं आहेत म्हणतात. मग चारही एकदम का देत नाहीत? संप करायचा तर आपण सगळ्या युनियना एकत्र आणतोच ना? का चारांचे पैसे माझ्यापाशी नाहीत, म्हणून दोनांवर भागवताहेत?"

प्रश्नाचा शेवटचा भाग आमच्या जिव्हारी लागला. गरिबाला अर्धे औषध आणि श्रीमंताला पुरे, हा अनुभव आम्हांला नवा नाही. म्हणून आम्ही वाचू लागलो. जे हाती आले ते आपणांपुढे ठेवतो.

प्रथम रोग कोणता ते पाहू. पायाला जखम झाली की जांघेत अवधान येते, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. मानेत, काखेत, जांघेत, पोटात अशा लहान लहान ग्रंथी आहेत; शरीराचे पहारेकरी म्हणून काम करणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या त्या चौक्या होत. हे पहारेकरीच बेबंद वाढू लागले म्हणजे त्या रोगास लिंफोमा म्हणतात. लंडनच्या गाय रुग्णालयातील थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली अशा ग्रंथिविकाराचे वर्णन केले, आणि एका जातीला त्यांचेच नाव पडले. पण या कुळात पुष्कळ जाती आहेत. काही झपाट्याने वाढतात. उपचार न झाला तर काही महिन्यांत माणूस नेतात. काही मात्र वर्षानुवर्षे रेंगाळतात. या रेंगाळणाऱ्यांपैकी सर्वांत अधिक आढळणारी जात म्हणजे फॉलिक्युलर लिंफोमा. १९२५ साली ब्रिल आणि १९२७ साली सिमर्स यांनी तिचे वर्णन केले, तेव्हा ती निरुपद्रवी असावी असाच समज होता. तो समज पुढे चुकीचा ठरला. रोग सावकाश चालतो, औषधाने विरतो आणि बहुधा पुन्हा येतो. आपला आजचा विषय या 'पुन्हा येण्या'चा आहे.

या रोगावरचे पहिले रासायनिक औषध युद्धातून आले. १९१७ च्या जुलैत बेल्जममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने मस्टर्ड वायू वापरला. कातडी भाजणे, डोळे जाणे हे तर झालेच. पण त्या विषाने माणसाच्या पांढऱ्या पेशी नाहीशा होतात, ही गोष्ट क्रुंभार नावाच्या अमेरिकन डॉक्टराने १९१९ साली नोंदवून ठेवली. दुसऱ्या महायुद्धात येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांना या जातीच्या विषांचा अभ्यास करण्याचे गुप्त काम सोपविण्यात आले. त्यांनी सरळ विचार केला : जे विष पांढऱ्या पेशींना मारते, ते पांढऱ्या पेशींच्या गाठींनाही मारील.

२७ ऑगस्ट १९४२ रोजी पहिल्या रुग्णाला हे औषध टोचण्यात आले. कागदोपत्री त्याची ओळख 'जे. डी.' या दोन अक्षरांचीच आहे. पोलंडमधून अमेरिकेत आलेला, कनेक्टिकटमधील बॉल-बेअरिंगच्या कारखान्यात काम करणारा तो कामगार होता. गळ्यातील गाठीमुळे त्याला धड गिळता येत नव्हते, झोपता येत नव्हते. क्ष-किरणांचा उपयोग संपला होता. औषधाने गाठी विरघळू लागल्या, गिळता येऊ लागले. पण थोड्याच आठवड्यांत गाठी परतल्या. डिसेंबरात तो वारला. युद्धाच्या गुप्ततेमुळे ही हकीगत १९४६ पर्यंत छापलीही गेली नाही. श्रोतेहो, लिंफोमाच्या औषधांचा इतिहास एका कामगाराच्या शरीरावर सुरू झाला, आणि पहिल्याच रुग्णात या रोगाची खोड दिसून आली. औषध लागू पडते, टिकत नाही.

दरम्यान २ डिसेंबर १९४३ च्या रात्री इटलीतील बारी बंदरावर जर्मन विमानांनी हल्ला केला. तेथे 'जॉन हार्वी' नावाच्या अमेरिकन जहाजात मस्टर्डचे बाँब गुपचूप भरलेले होते. जहाज फुटले, विष पाण्यात आणि तेलात मिसळले. विषबाधा झालेले सहाशेंहून अधिक लोक लष्करी रुग्णालयांत आले; त्यांपैकी ऐंशींहून अधिक दगावले. शहरातील नागरिक किती गेले याची धड मोजदादही झाली नाही. चौकशीस आलेल्या स्ट्युअर्ट अलेक्झांडर या डॉक्टराने पांढऱ्या पेशींच्या नाशाची काटेकोर नोंद केली आणि त्या नोंदीने येलच्या निष्कर्षास बळकटी आली.

बारीचे नाव लक्षात ठेवा. आपल्याला पुन्हा त्याच मुलखात यावयाचे आहे.

एक औषध टिकत नाही, तर अनेक औषधे एकत्र आणावी, हा विचार १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत पुढे आला. तेथील डॉक्टरांनी मुलांच्या रक्तकर्करोगावर व नंतर हॉजकिनच्या रोगावर चार चार औषधांची जोडणी करून पाहिली. ही जोडणी वाटेल तशी नव्हती. तिचे नियम होते, आणि आजच्या व्याख्यानाचा कणा तेच नियम आहेत. पहिला, प्रत्येक औषधाला एकट्याने काही तरी काम करता आले पाहिजे. दुसरा, प्रत्येकाची मारण्याची तऱ्हा वेगळी पाहिजे, म्हणजे एकाच्या हातून सुटलेली पेशी दुसऱ्याच्या हाती सापडेल. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. प्रत्येकाचा त्रास वेगळ्या अवयवाला झाला पाहिजे. दोन औषधांचे घाव एकाच जागी पडू लागले, तर रोगाआधी रोगी खचतो.

या नियमांना धरून लिंफोमासाठी 'चॉप' नावाची चौकडी तयार झाली. तिच्यातील एकेकाचे कूळ ऐकण्यासारखे आहे. सायक्लोफॉस्फमाइड हे त्या मस्टर्ड वायूचेच माणसाळलेले वंशज, जर्मनीत घडलेले. दुसरे डॉक्सोरुबिसीन. इटलीत कास्तेल देल मोन्ते नावाचा जुना किल्ला आहे. त्याच्या परिसरातील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवाच्या कुळातून ते निघाले. हा किल्ला बारीच्याच मुलखातला, बारीपासून फार दूर नाही. ज्या भूमीच्या बंदरात विष सांडले, तिच्याच मातीतून औषध निघाले. शेजारच्या एड्रिएटिक समुद्रावरून त्याला एड्रियामायसिन असेही नाव पडले. तिसरे व्हिन्क्रिस्टीन. हे आपल्या दारातल्या सदाफुलीचे. मूळची मादागास्करची ही फुलझाडी. कॅनडातील नोबल आणि बीअर हे संशोधक मधुमेहाचे औषध म्हणून तिचा पाला तपासत होते, तेव्हा तिने पांढऱ्या पेशी कमी होतात असे दिसले. त्या शोधातून पुढे व्हिन्क्रिस्टीन निघाले आणि १९६३ साली वापरात आले. चौथे प्रेडनिसोन, स्टिरॉइडच्या कुळातले. सायक्लोफॉस्फमाइड मुख्यतः रक्त उतरवते, डॉक्सोरुबिसीनने पुढे हृदयाला धोका संभवतो, व्हिन्क्रिस्टीन हातापायांच्या नसांना मुंग्या आणते, प्रेडनिसोन साखर वाढवते. त्रास चौघांचाही आहे. पण मुख्य घाव बव्हंशी निरनिराळ्या जागी पडतात. एकजूट ती हीच.

या चौकडीने झपाट्याने वाढणारे लिंफोमा पुष्कळ रुग्णांत कायमचे बरे होऊ लागले. आश्चर्य असे की मंदगती रोगात मात्र तसे झाले नाही. गाठी विरत, दोन-तीन वर्षे बरी जात, आणि रोग परत येई. मग डॉक्टरांना उलटाच प्रश्न पडला : लढाई लगेच सुरू करावीच का? कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे ज्यांना त्रास नव्हता अशा ८३ रुग्णांवर सुरुवातीस काहीही उपचार न करता केवळ देखरेख ठेवण्यात आली. १९८४ साली हॉर्निंग आणि रोझेनबर्ग यांनी त्याचा हिशेब छापला. दहा वर्षांनी शंभरांतील ७३ हयात राहतील असे त्यावरून निघाले; आणि ८३ पैकी १९ जणांच्या गाठी औषधावाचून आपोआप कमी झालेल्या दिसल्या. तेव्हापासून 'थांबा आणि नजर ठेवा' हाही एक उपचारच झाला. मंदगती रोगाचा रुग्ण दीर्घकाळ जगतो. म्हणून औषधाचा लाभ जसा वर्षांत मोजावयाचा, तसा त्याचा अपायही वर्षांतच मोजावा लागतो. ही गोष्ट पुढे काही मंडळी विसरली आणि तिची किंमत रुग्णांनी दिली.

आता एका विसरलेल्या औषधाची कथा. १९६३ साली पूर्व जर्मनीत, येना शहरातील सरकारी संस्थेत, ओझेगोव्हस्की आणि क्रेब्स यांनी बेंडामस्टीन तयार केले. तेही मस्टर्डच्याच कुळातले, पण बांधणी निराळी. १९७१ पासून येनाच्या सरकारी कारखान्यातून ते 'सायटोस्टासान' या नावाने विकले जाई. पूर्वेकडचे डॉक्टर ते वापरीत. भिंतीच्या पश्चिमेस त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही. १९८९ साली बर्लिनची भिंत पडली, दोन जर्मनी एक झाल्या, आणि मग त्या औषधाची आधुनिक पद्धतीने परीक्षा सुरू झाली. अमेरिकेने उलटलेल्या मंदगती लिंफोमासाठी त्यास २००८ साली मान्यता दिली. औषध तयार होऊन पंचेचाळीस वर्षे झाली होती. भिंतींनी केवळ माणसेच अडतात असे नाही.

यानंतर दुसरी मोठी क्रांती. १९७५ साली केंब्रिज येथे कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी तयार करण्याची युक्ती काढली. प्रतिपिंड म्हणजे शरीरातील पहारेकऱ्यांनी शत्रूच्या अंगावर मारावयाचा शिक्का. शिक्का बसला की बाकीचे पहारेकरी त्या पेशीवर तुटून पडतात. या युक्तीवर पेटंट घेतले गेले नाही. १९८४ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. स्टॅनफर्डच्या रोनाल्ड लेव्ही यांनी एका लिंफोमाच्या रुग्णासाठी त्याच्या गाठीपुरते खास प्रतिपिंड बनविले आणि रोग हटला; ही हकीगत १९८२ साली प्रसिद्ध झाली. परंतु प्रत्येक रुग्णासाठी निराळे औषध बनविणे म्हणजे प्रत्येक बोल्टासाठी निराळा पाना घडविण्यासारखेच. सर्वांना चालणारा पाना पाहिजे होता. बोस्टनच्या ली नॅडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेशींच्या पृष्ठभागावरील एक खूण १९८० साली शोधून काढलेली होतीच. तिला पुढे सीडी-२० म्हणू लागले. त्या खुणेवर बसणारे रिटक्सिमॅब तयार झाले. १६६ रुग्णांच्या चाचणीत जवळजवळ निम्म्या जणांच्या गाठी निम्म्याहून खाली आल्या. २६ नोव्हेंबर १९९७ रोजी अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. कर्करोगावर मान्यता मिळालेले या तऱ्हेचे ते पहिलेच प्रतिपिंड.

आता रसायन आणि प्रतिपिंड यांची युती झाली. हिलाच रसायन-प्रतिकार उपचार म्हणावयाचे. तिने तिन्ही नियम पाळले : रिटक्सिमॅब एकट्याने काम करते, त्याची तऱ्हा निराळी, आणि ते रसायनांप्रमाणे अस्थिमज्जेवर फारसा घाव घालीत नाही. याची कसोटी उलटलेल्या रोगावरच झाली. युरोपातील ४६५ रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांना केवळ 'चॉप', निम्म्यांना त्याच्या जोडीस रिटक्सिमॅब देण्यात आले. निम्म्या रुग्णांत रोग पुन्हा वाढेपर्यंतचा काळ पहिल्या गटात २०.२ महिने, तर दुसऱ्यात ३३.१ महिने निघाला. हा निकाल २००६ सालचा. २०१३ साली जर्मनीतील रुमेल आणि सहकाऱ्यांनी, आधी उपचार न झालेल्या रुग्णांत, 'चॉप'च्या जागी येनाचे ते विसरलेले बेंडामस्टीन रिटक्सिमॅबच्या जोडीला दिले. तो काळ ३१.२ वरून ६९.५ महिन्यांवर गेला, आणि केसही फारसे गेले नाहीत. मात्र दोन्ही गटांतील आयुष्याच्या लांबीत फरक सिद्ध झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. येथे चौघांच्या जागी एकच आला आणि काम चांगले झाले, हे ध्यानात ठेवावे.

तिसरी पिढी नेम धरणाऱ्या औषधांची. लिंफोमाची पेशी कशाच्या जोरावर जगते, याचा उलगडा १९८० नंतर होत गेला. फॉलिक्युलर लिंफोमात दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि बीसीएल-२ नावाचे प्रथिन बेसुमार तयार होते. त्यामुळे पेशी मरावयाचेच विसरते. शिवाय पेशीच्या आत 'वाढ, वाढ' असा निरोप नेणारे दूत असतात. या दूतांना अडविणाऱ्या, त्या प्रथिनास नामोहरम करणाऱ्या गोळ्या निघाल्या. यांची नावे जिभेला जड आहेत : आयडेलालिसिब, इब्रुटिनिब, व्हेनेटोक्लॅक्स, कोपानलिसिब. यांतले शेवटचे शिरेतून द्यावे लागते, बाकीच्या गोळ्या. कोठे कोठे या एकट्यानेही गाठी विरघळत. मग साहजिकच वाटले की रसायन, प्रतिपिंड आणि ही नेमकी औषधे अशी तिहेरी फळी उभारली म्हणजे उलटलेल्या रोगाचे काही चालणार नाही. आमच्या लेथवाल्या मित्राचा प्रश्न तोच होता. जगातील मोठमोठ्या डॉक्टरांनाही तो पडला होता.

त्याचे उत्तर चाचण्यांनी दिले, आणि ते कडू होते.

आयडेलालिसिबला २०१४ साली मान्यता मिळाली. पुढे ते आणखी अलीकडच्या टप्प्यातील रुग्णांना, रिटक्सिमॅबच्या किंवा बेंडामस्टीन-रिटक्सिमॅबच्या जोडीस देऊन पाहण्यात आले. मार्च २०१६ मध्ये अशा चाचण्या तडकाफडकी थांबवाव्या लागल्या. तीन चाचण्यांचा एकत्र हिशेब केला तेव्हा आयडेलालिसिबच्या गटात शंभरी ७.४ मृत्यू आणि पोकळ गोळीच्या गटात ३.५ मृत्यू आढळले. त्या तिहींपैकी दोन मंदगती लिंफोमाच्या होत्या, तिसरी त्याच्या चुलत रोगाची. कारण काय? हे औषध पहारेकऱ्यांवर देखरेख करणाऱ्या पेशींचा तोल बिघडवते. बेंडामस्टीन त्याच फौजेला दीर्घकाळ क्षीण करते. दोघांचे घाव एकाच जागी पडले, आणि जे जंतू निरोगी माणसाला काही करीत नाहीत ते फुप्फुसात शिरले. तिसरा नियम मोडला होता.

व्हेनेटोक्लॅक्सचे प्रकरण याहून विचार करावयास लावणारे. जे प्रथिन या रोगाचे मूळ मानले जाते, त्याच्यावरच याचा नेम. कागदावर याहून जुळणारे स्थळ सापडणे कठीण. पण २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बेंडामस्टीन-रिटक्सिमॅबला ते जोडले असता रोगावर अधिक परिणाम दिसला नाही. अपाय मात्र वाढला, आणि त्यापायी ठरलेला उपचारही पुष्कळांना पुरा घेता आला नाही. तिसरा भिडू आला आणि पहिल्या दोघांचे हात बांधले गेले.

इब्रुटिनिबची चाचणी मोठी, ४०३ उलटलेल्या रुग्णांची. सर्वांना रसायन-प्रतिकार उपचार. निम्म्यांना वर इब्रुटिनिब, निम्म्यांना पोकळ गोळी. रोग वाढेपर्यंतचा मध्यकाळ ४०.५ महिने विरुद्ध २३.८ महिने दिसला. ऐकताच टाळी वाजवावीशी वाटते. पण सर्व काळाचा मिळून हिशेब केला तेव्हा फरक इतका बारीक ठरला की, औषधात काहीच गुण नसता तरी केवळ योगायोगाने तसा फरक शंभरांत सुमारे ९ वेळा दिसला असता. ही मर्यादा पाचाची धरलेली असते. म्हणून २०२३ साली निकाल छापला गेला तो 'सिद्ध झाले नाही' असा. प्रयोगशाळेत २०१४ सालीच एक गोष्ट आढळली होती : रिटक्सिमॅबने शिक्का मारलेल्या पेशींवर जे पहारेकरी तुटून पडतात, त्यांचाच हात इब्रुटिनिब काहीसे आखडते. रुग्णांतल्या निकालाचे कारण हेच, असे सिद्ध झालेले नाही. पण दोन मित्र एकमेकांचे काम कसे बिघडवू शकतात याचे ते चांगले उदाहरण आहे.

कोपानलिसिबच्या चाचण्यांना 'क्रोनॉस' हे नाव दिले होते. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ काळ. केवळ रिटक्सिमॅबच्या जोडीस दिले तेव्हा ४५८ रुग्णांच्या चाचणीत मध्यकाळ १३.८ वरून २१.५ महिन्यांवर गेला. तेच रसायन-प्रतिकार उपचारास जोडले तेव्हा ठरविलेला लाभ सिद्ध झालाच नाही, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने औषध अमेरिकेच्या बाजारातून काढून घेण्याचे जाहीर केले. याच कुळातल्या आणखी एका औषधाच्या चाचणीचे नाव तर 'युनिटी', म्हणजे आमची एकजूट! अंब्रालिसिब हे ते औषध; फेब्रुवारी २०२१ मध्ये मान्यता मिळाली आणि घेणाऱ्यांच्या आयुष्याबद्दल शंका उत्पन्न झाल्यामुळे २०२२ मध्ये ती गेली. नुसते नाव एकजूट ठेवल्याने एकजूट होत नाही, हे आमच्या चळवळीतही आम्ही पाहिले आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकी औषध खात्याच्या सल्लागारांनी १६ विरुद्ध ० मतांनी सांगितले की, यापुढे या कुळातील औषधास समोरासमोरच्या चाचणीवाचून मान्यता देऊ नये. एक सभासद तटस्थ राहिला.

तर मग नेमकी औषधे वाया गेली काय? नाही. ती जिंकली, पण दुसऱ्या फळीत. थॅलिडोमाइड या औषधाने १९५७ नंतरच्या काही वर्षांत युरोपात हजारो बालके व्यंग घेऊन जन्माला आली. त्याच कुळात पुढे जन्मलेले लेनालिडोमाइड पहारेकऱ्यांना चेतवते. ते रिटक्सिमॅबच्या जोडीस दिले तेव्हा, ३५८ रुग्णांच्या चाचणीत, मध्यकाळ १४.१ वरून ३९.४ महिन्यांवर गेला. या जोडीला २०१९ साली मान्यता मिळाली. येथे रसायन नव्हतेच. रिटक्सिमॅब शिक्का मारते, लेनालिडोमाइड शिक्का पाहून धावणाऱ्यांना बळ देते. एकाचे काम दुसऱ्याच्या कामाला पूरक. पुढे याच जोडीस टाफासिटामॅब हे दुसऱ्या खुणेवर बसणारे प्रतिपिंड जोडले असता, ५४८ रुग्णांत मध्यकाळ १३.९ वरून २२.४ महिन्यांवर गेला आणि २०२५ साली त्यासही मान्यता मिळाली. म्हणजे तिसरा भिडू नेहमीच जड होतो असे नाही. तिसऱ्याने काय आणले, आणि कोणाच्या पायावर पाय दिला नाही ना, एवढेच पाहावयाचे. इब्रुटिनिबचे धाकटे भावंड झानुब्रुटिनिब, हेही रसायनाशी न जोडता नव्या एका प्रतिपिंडाशी जोडले तेव्हा, दोन किंवा अधिक उपचार होऊन गेलेल्या रुग्णांत मध्यकाळ १०.४ वरून २८ महिन्यांवर गेला. त्याला २०२४ साली मान्यता मिळाली.

श्रोतेहो, या साऱ्या हकीगतीत एक गोष्ट सहज नजरेआड होते. या आकड्यांच्या मागे माणसे आहेत. ज्याच्या हाती पोकळ गोळी आली तो, आणि ज्याच्या हाती घातक ठरलेले औषध आले तो, दोघेही आपण होऊन चाचणीत उतरले होते. त्यांच्यावाचून 'चारही एकदम द्या' या मताला कोणी अडविले नसते, आणि जाणत्या डॉक्टरांनीही ते सद्हेतूनेच दिले असते. जे. डी. नावाच्या त्या बेअरिंग कामगारापासून ही मालिका चालत आली आहे. त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत.

आमच्या मित्रांना आम्ही हे सारे दोन-तीन बैठकांत सांगितले. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे दोन दिली ती पैशापायी नव्हे म्हणता?" आम्ही म्हटले, "तुमच्या बाबतीत नव्हे. चारही एकदम देण्याने भले होते, हे कोणी दाखवूनच दिलेले नाही. उलट काही जोड्यांनी माणसे गेली. दोन नीट निवडलेली औषधे ही अर्धी लढाई नव्हे."

पण पैशाचा प्रश्न येथे संपत नाही, हेही आम्ही त्यांना लपविले नाही. रिटक्सिमॅबसारखे औषध आपल्या देशात पुष्कळ अधिक लोकांना मिळू लागले, त्याचे एक कारण म्हणजे हैदराबादच्या एका कंपनीने २००७ साली त्याची देशी आवृत्ती मूळ औषधाहून बऱ्याच कमी किमतीत काढली. त्या तऱ्हेची ती जगातली पहिली. नवी औषधे मात्र अजून सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहेत. तेव्हा कामगाराने दोन गोष्टी वेगळ्या ओळखावयास शिकले पाहिजे. जे औषध चाचणीत सिद्ध झाले आणि किमतीपायी मिळत नाही, त्यासाठी लढावे, मोर्चे काढावेत, विमा योजनेच्या दारात बसावे. आणि जे सिद्ध झालेले नाही, ते केवळ नवे आणि महाग आहे म्हणून आपल्याला नाकारले गेले, असा राग धरू नये. पहिल्या ठिकाणी गप्प बसणे ही चूक. दुसऱ्या ठिकाणी हट्ट धरणे ही चूक.

चळवळीत आम्ही तीस वर्षे 'एक व्हा' असे ओरडत आलो. या इतिहासाने आम्हांला त्याचा अर्थ पुन्हा शिकविला. एका मंडपात जमलेले सगळे एकजूट नसतात. कधी कधी ती नुसती गर्दी असते. ज्याला स्वतःचे काम आहे, ज्याची तऱ्हा निराळी आहे, आणि ज्याच्या चुकीचा भार दुसऱ्याच्या जखमेवर पडत नाही, अशांचीच एकजूट होते. बाकीच्यांना दाराशी थांबवून आधी परीक्षा घ्यावी लागते.

आमचे मित्र दोन औषधांचा उपचार घेत आहेत. परवा कचेरीत आले होते. येताना त्यांनी आपल्या दारातले सदाफुलीचे रोप कुंडीत घालून आणले होते. ते आमच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "भाऊ, हिचं औषध मला देत नाहीत म्हणा, पण हिचा हक्क आहे इथं."